रंगनाथनं पखवाज खाली ठेवला

पेडगावच्या रंगनाथला तरुणपणी नादच फार. तालमीत जायचा, तित्तर पाळायचा, उरुसातली कव्वाली ऐकायला चार कोस पायी जायचा. लग्न झालं, लेकरं झाली, तसे एकेक नाद आपोआप गळाले. तित्तर मांजरानं नेला, तालीम गुडघ्यानं सोडवली. उरले दोन. मारुतीच्या देवळातला पखवाज आणि लोकांची मोडलेली हाडं बसवणं. हे दोन मात्र हाताला असे चिकटले होते, की आधीचा कोणता नि नंतरचा कोणता, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

हाड बसवायला तो झरीच्या वजीरचाचांकडे शिकला. चाचा डोळे मिटून दुखऱ्या हातावरून बोटं फिरवायचे आणि हाड कुठं सरकलंय ते नेमकं सांगायचे. एका दिवशी त्यांनी रंगनाथचीच बोटं तपासली आणि तोंड वाकडं केलं. पखवाजावर थापा मारून मारून त्याच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते.

"ये उंगलियां तो मर गयीं, बेटा," चाचा म्हणाले. "हड्डी इनसे क्या बात करेगी? एक काम पकड, एक छोड."

"सोडतो की चाचा, पुढच्या साली."

असं पुढचं साल सहा-सात वेळा आलं नि गेलं. रंगनाथनं काही सोडलं नाही. हाड बसवताना त्याला चाचांपेक्षा दुप्पट वेळ लागायचा, दुखणाऱ्याला दुप्पट बोंबलावं लागायचं, एवढंच.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवायच्या आधी भिजवलेली कणीक थापावी लागते. तिच्याशिवाय तो घुमत नाही. बऱ्या दिवसांत मूठभर कणकेचं कुणाला काय वाटणार? पण त्या साली घरात गहूच नव्हता. रेशनला लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी तव्यावर टाकीपर्यंत तुटायच्या. तरी रंगनाथची बायको सरजाबाई दोन-तीन एकादश्यांना कुठूनतरी मूठभर कणीक पैदा करत राहिली. श्रावणातल्या एकादशीला मात्र तिनं पानावर तांबडा गोळा आणून ठेवला.

"ही कसली गं?"

"मिलोची. लेकरं तीच खायलेत, देवानं बी तीच ऐकावी."

रंगनाथनं तीच थापली. दुसऱ्या अभंगाला पखवाज जरा तापला, आणि कोरड्या पिठाचं ते ढेकूळ सुटलं ते थेट वीणा धरून शेजारी उभ्या असलेल्या तात्यारावांच्या पायावर.

"रंगनाथा, पखवाज वाजवायलास का भाकरी थापायलास?" तात्याराव म्हणाले.

देऊळ हसलं. रंगनाथही हसला. हसता हसता त्याच्या ध्यानात आलं, की चार-दोन जण हसत नाहीयेत, त्या पडलेल्या पिठाकडं नुसते बघायलेत.

अभंग संपला तसा तो उठला. मारुतीपुढचा बेल-भंडारा उचलला आणि पखवाज सटवाजीच्या मांडीवर ठेवला. सटवाजी टाळकरी, रंगनाथच्याच हाताखाली थोडाफार शिकलेला, वयानं दहा वर्षांनी लहान.

"दादा, चार दिसाचा राग हाय. उद्या परत मागताल."

"न्हाई मागत. मारुतीची आण हाय. आजपासून ह्या हाताला एकच काम."

गावात लोक दारूची आण घ्यायचे, तंबाखूची घ्यायचे. पखवाजाची आण घेणारा हा पहिलाच. घरी आल्यावर सरजाबाई म्हणाली, "आवो, म्या पिठाचं बोलले होते, पखवाजाचं न्हाई." पण भंडारा उचलून झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात दुष्काळी खडी फोडायच्या कामावर रोज कुणाचं बोट ठेचायचं, कुणाचं मनगट निखळायचं. रंगनाथचे घट्टे वर्षभरात सोलून निघाले. खाली बाळाच्या टाचेसारखी मऊ कातडी आली. चाचांनी ती बोटं हातात घेतली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हां. अब जिंदा हैं." पार येलदरीकडची माणसं बैलगाडीत घालून त्याच्याकडं यायला लागली. बांबूच्या कामट्या, उडदाच्या पिठाचा लेप, जुन्या धोतराच्या पट्ट्या यांनी पडवी भरून गेली. रंगनाथ नारळाशिवाय काही घेत नसे. एकादशीला देवळातून पखवाज ऐकू यायला लागला, की तो म्हशीला पाणी पाजायच्या निमित्तानं वढ्यावर जायचा. म्हशीला तहान असो का नसो.

पंचाहत्तर साली चाचा गेले. त्याच सुमारास परभणीत हाडाचा फोटो काढून प्लास्टर घालायची सोय झाली म्हणून बोलबाला झाला. आधी नोकरीवाले गेले, मग त्यांचे पाहुणे, मग सगळेच. रंगनाथच्या पडवीत एखादी म्हातारी नाहीतर पाय मुरगळलेलं वासरू, एवढंच उरलं. कामट्या चुलीला लागल्या.

अठ्ठ्याहत्तर सालच्या सप्त्यात, सहाव्या दिवशी, सटवाजी कडब्याच्या गंजीवरून पडला. उजवं मनगट गेलं. रंगनाथचं घर ओलांडून त्याला परभणीला नेलं आणि संध्याकाळी तो कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन, आणि पखवाजाला माणूस नाही.

सकाळी तात्याराव दारात.

"चल."

"तात्या, आण हाय माझी."

"मारुतीचीच हाय ना? मग मारुतीच बोलवायलाय तुला. ऊठ."

रंगनाथ नको-नको म्हणत होता, पण बोलता बोलताच धोतर बदलायला आत गेला. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला कळलं, की आपण ह्याच बोलावण्याची वाट बघत होतो.

पखवाज मांडीवर आला. पहिली थाप बरी पडली. कीर्तनकार महाराजांनी चाल धरली, टाळ चढले, आणि रंगनाथचा डावा हात मागं राहिला. एकदा सावरला, पुन्हा राहिला. डोक्यात बोल सगळे जिथल्या तिथं होते. बोटं त्या बोलांना ओळखतच नव्हती. मऊ कातडीवर पाव घंट्यात फोड आला. महाराज भला माणूस. त्यांनी चाल हळू केली. त्याच्यासाठी हळू केली, हे रंगनाथला कळलं. पुढं सगळा वेळ त्यानं साधा ठेका धरला, कालच शिकलेल्या पोरानं धरावा तसा.

दहीहंडी फुटली. पंगती बसायला लागल्या.

"चांगलं झालं," तात्याराव म्हणाले. टोमणा नाही, थट्टा नाही. तात्यारावांनी थट्टा केली असती तर बरं झालं असतं, असं रंगनाथला वाटून गेलं.

तो पिंपळाच्या पारावर येऊन बसला. सटवाजी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून शेजारी टेकला.

"दादा, भारी वाजवलं."

"खोटं कामून बोलतूस?"

सटवाजी खाली बघत म्हणाला, "तुमच्याकडं यायला पायजे होतं म्या. पण भेव वाटलं. तुमचा पखवाज घेतलेला हात तुमच्याच हातात कसा द्यावा?"

"आरं येड्या, तूच उचलला व्हतास का तो? म्या ठिवला तुझ्या मांडीवर."

रंगनाथनं त्याचा हात अलगद ओढून घेतला. प्लास्टरच्या बाहेर बोटांची टोकं तेवढी होती, सुजलेली. त्यानं ती एकेक दाबून पाहिली.

"हलीव."

"दुखायलंय."

"दुखू दे. रोज मांडीवर बोल वाजवायचे, ह्याच टोकांनी. हळूहळू, पण रोज. तसंच ठिवलं तर महिन्यानं प्लास्टर निघंल, पण बोटं तुझी ऱ्हायची न्हाईत."

सटवाजीनं बोटं हलवली. दातओठ खात, मांडीवर, अगदी मंद. रंगनाथनं तोंडानं बोल धरला. दोन आवर्तनं झाली. मग सटवाजीनं सहज विचारलं, "मग तुमी कामून न्हाई वाजवलं आसं मांडीवर, दादा? सहा वर्सं?"

"आण व्हती."

"आण तर पखवाजाची व्हती ना?"

रंगनाथनं बोटावरचा फोड चाचपला. देवळातून कुणीतरी हाका मारायला लागलं, वरण थंड होतंय म्हणून. सटवाजी उठला, चार पावलं जाऊन थांबला.

"चला की."

"तू हो पुढं," रंगनाथ म्हणाला. "मी येतूच."

पंगत उठेपर्यंत तो पारावरच बसून होता, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून.