काळी पँट, पांढरा शर्ट

बारकीने आयुष्यात स्वतःसाठी कधी साधा रुमालसुद्धा विकत घेतला नव्हता. चाळिशीला टेकलेल्या बाईबद्दल हे सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही, पण होतं तसंच. लग्नाआधी थोरल्या बहिणीचे उतरलेले कपडे तिच्या अंगावर चढत. अंगाने काडीसारखी असल्यामुळे ते तिला वर्षानुवर्षं पुरत, आणि माहेरी बारकी हे नाव पडलं तेही त्यातूनच. लग्नानंतर कपडे नवरा आणू लागला. तो आणेल तो रंग, तो आणेल ते माप. बाजारातून आला की पिशवी पलंगावर भिरकावायचा आणि म्हणायचा, "घाल. तुला काय कळतंय कपड्यातलं?" कपाटात सगळे तपकिरी नाहीतर राखाडी झगे लटकायचे. एकदा तिने भीतभीतच विचारलं होतं, "जरा उजळ रंग नव्हता का हो?" त्यावर तो कित्येक दिवस बोलला नाही, आणि बोलायला लागला तेव्हा गप्प होता तेच बरं होतं असं तिला वाटलं.

मार तर होताच. तो ती मुकाट्याने खायची. पण एका दुपारी त्याचा हात लेकीच्या कानशिलावर पडला. तो तणतणत कामावर निघून गेला. पोरगी रडलीसुद्धा नाही, नुसती भिंतीला चिकटून आईकडे बघत राहिली. बारकीने चुलीवरचं पातेलं उतरवलं, लेकीचा हात धरला आणि दोघी निघाल्या. घरातल्या कपड्यांवर, घरातल्याच चपला घालून. कपाट उघडायचंही तिला सुचलं नाही. रस्त्यावर आल्यावर गार वारा अंगाला झोंबला, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की थंडी पडायला लागली आहे.

तिची मावशी एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत एकटी राहायची. जन्मभर इस्त्री मारून गुडघे गेलेले, त्यामुळे आता बसल्या जागी लोकांची तुटलेली बटणं लावून द्यायची. तिने दार उघडलं, दोघींना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आत या आणि दार लावा. वारा येतोय."

मावशीच्या ओळखीने एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम लागलं. ताटं लावायची, गाडीवर रचायची आणि ढकलत वॉर्डात न्यायची. तिथली मुकादमीण फटकळ होती. म्हणाली, "सोमवारी सकाळी या. काळी पँट, पांढरा शर्ट, पुढून बंद बूट. कपडे आपले आपण आणायचे. या अवतारात आलात तर फाटकावरूनच परत पाठवीन, मग माझ्या नावाने खडे फोडू नका."

बारकीने कानातले विकले. जे हाती आलं त्यात तिचे कपडे, बूट, लेकीला काहीतरी गरम आणि पगार होईपर्यंत खाण्यापिण्याचं बघायचं होतं. मावशी म्हणाली, "थांब, माझे गुडघे जरा बरे होऊ देत, मी येते बरोबर." पण मावशीचे गुडघे बरे व्हायचे आणि सोमवार उजाडायचा, यात सोमवारच आधी येणार हे दिसत होतं. शिवाय या वयात कपडे घ्यायलाही कुणी बोट धरून न्यायचं, याची बारकीला लाज वाटली. शुक्रवारी मावशी दवाखान्यात गेली, तशी ही लेकीला घेऊन निघाली.

हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात लाल पाट्या लागल्या होत्या. एकावर एक फुकट. आत इतका उजेड होता की बारकीला आपल्या चपला लपवाव्याशा वाटल्या. विक्रेता पुढे आला. "या ताई, बसा ताई. माप काय आपलं?"

माप! तिला स्वतःचं माप माहीत नव्हतं. तिने वरच्या पाटीवर दिसला तो शब्द वाचला. "मिडियम."

"छे ताई, तुमची अंगकाठी बघता स्मॉल." त्याने सटासट पँटी काढल्या, शर्ट काढले, गल्ल्यापाशी ढीग केला. बारकी नुसती मान हलवत राहिली. इतक्या आदराने तिला बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मधेच लेक एका गुलाबी जाकिटावरून हात फिरवताना दिसली, तेही ढिगात गेलं. दोन पँटी, दोन शर्ट, एक जाकीट. पिशवी घेऊन ती बाहेर आली ती जवळजवळ तरंगतच. बुटांपुरते पैसे उरले नाहीत हे तिला अर्ध्या वाटेत कळलं, पण एवढ्या फायद्यात काहीतरी मार्ग निघेलच, असं तिने मनाला समजावलं.

घरी आल्यावर नवे कपडे एकदा पाण्यातून काढावेत म्हणून तिने एक पँट आणि दोन्ही शर्ट एकाच बादलीत भिजवले. दुसरी पँट हौसेने अंगात चढवली. मावशी काठी टेकत दारात आली आणि बादलीकडे बघून म्हणाली, "शाई ओतलीस का गं यात?"

बारकी धावली. पाणी काळंनिळं झालं होतं. शर्ट बाहेर काढले तर मार खाल्लेल्या कातडीसारखे डाग, कुठे जांभळे, कुठे हिरवट. ती पिळायला म्हणून घाईने उकिडवी बसली आणि मागे टर्रकन आवाज झाला. लेक आधी हसली, मग आईचं तोंड बघून मावशीची शाल आणायला धावली.

पँट उतरवून, ओले शर्ट पिशवीत कोंबून, झग्यावर ती शाल ओढून ती दुकानात परत गेली. तोच विक्रेता होता. "सेलचा माल परत होत नाही बाई. पाटी वाचा." दुपारची ताई संध्याकाळी बाई झाली होती. तिने हात जोडले, सोमवारची नोकरी सांगितली, निदान एक शर्ट तरी बदलून द्या म्हणून काकुळतीला आली. मागे रांगेतले लोक कुजबुजायला लागले. शेवटी रखवालदाराने दंडाला धरून तिला बाहेर आणून सोडलं.

दुकानाच्या पायरीवर ती बसली. डोक्यात एकच घण पडत होता. नवरा म्हणायचा ते खरं होतं. आपल्याला काही कळत नाही. लेकीला घेऊन कुठल्या जोरावर निघालो आपण?

परत येऊन तिने मावशीला सांगून टाकलं, "मी जाते घरी. पाया पडेन त्यांच्या. घेतील ते."

मावशी बटण लावत होती. मान वर न करता म्हणाली, "जा की. दार उघडंच आहे. फक्त एवढं सांगून जा, कपडे फसले म्हणून जातेस की मार कमी पडला म्हणून?"

बारकी हमसून हमसून रडायला लागली. मावशीने तिला रडू दिलं. मग ती उसवलेली पँट मांडीवर ओढली. "इकडे बघ. शिवण दोन्ही बाजूंनी धरून अशी ताणायची. मधे दोरा दिसला की ठेवून द्यायची. कापड उजेडात धरायचं. पलीकडची माणसं दिसली तर ते कापड नव्हे, जाळं आहे. ओला रुमाल घासून बघायचा, रंग लागला तर हात जोडायचे. आणि अंगात घालून तिथेच खाली बसायचं. दुकानदार हसला तर हसू दे, पँट हसायला नको. कळलं? आता यातलं काहीच मला जन्मतः येत नव्हतं. मीपण एकदा लग्नासाठी कोट घेतला होता, त्याचं अस्तर मांडवातच खाली आलं."

सकाळी बारकीला एक सुचलं. नवरा कामावर गेला असेल. कपाटात आपले काळे बूट आहेत, लेकीचा स्वेटर आहे. निदान ते तरी आणावं. ती जीव मुठीत धरून गेली, पण गळ्यातल्या दोऱ्याला असलेली किल्ली कुलपात फिरेना. कुलूपच नवं होतं. शेजारणीने दार फटीएवढं उघडलं. "अहो, काय सांगू तुम्हाला. काल त्यांनी जुने कपडेवाल्याला बोलावलं आणि तुमचं कपाटच्या कपाट पोत्यात भरून दिलं. पोरीचंसुद्धा. जा तुम्ही इथून, ते कधीकधी दुपारचे येतात." आणि फट मिटली.

जुन्या कपड्यांचा बाजार बसथांब्याच्या मागे भरायचा. जमिनीवर ताडपत्र्या, त्यांवर ढीग आणि ढिगांत कोपरापर्यंत हात घालून उपसणाऱ्या बाया. बारकी वेड्यासारखी एकेका ढिगातून हात फिरवत गेली. एका ताडपत्रीवर तिचे हात थांबले. तपकिरी झगा. राखाडी झगा. त्याखाली लेकीचा स्वेटर, कोपरावर तिनेच केलेलं रफू. आणि कडेला तिचे बंद बूट.

"हे माझं आहे," ती ओरडलीच.

ताडपत्रीवरच्या बाईने पान उलटावं तशी मान वळवली. "इथे आलं की माझं असतं. पैसे दे आणि ने."

"अहो, खरंच माझं आहे. हे रफू बघा. हा बूट बघा." बारकीने चप्पल काढून बुटात पाय घातला. "बसतो की नाही?"

"पाय तर शंभरजणींचा बसेल, बाई. मी काय चोरून आणलंय? मीपण पोतं मोजून पैसे दिलेत."

खोटं नव्हतं ते. आपलेच बूट, आपल्याच पोरीचा स्वेटर, आणि ते विकत घ्यायचे! रडून काही होणार नव्हतं, ते काल दुकानात करून झालं होतं. तिने डोळे पुसले आणि घासाघीस करायला बसली, ती उठेचना. बूट आणि स्वेटर घेतले. मग काळ्या पँटी उपसायला लागली. पहिलीची शिवण ताणली, दोरा दिसला. दुसरीने रुमाल काळा केला. तिसरी कुणा पुरुषाची होती, कमरेत ढगळ, पण कापड जाड आणि शिवण पक्की. झग्यावरूनच ती चढवून बारकी भर बाजारात खाली बसली, उठली, परत बसली. आजूबाजूच्या बाया खिदळल्या. पँट शाबूत राहिली. शर्ट मिळाला तो कॉलरला पिवळा पडलेला, पण कॉलर उसवून उलटी लावता येणार होती. खाण्यापिण्याला राखलेले पैसेही संपले.

निघताना त्या बाईने तपकिरी झगे उचलून तिच्यापुढे टाकले. "हेपण तुझेच ना? घेऊन जा. तसेही कुणी हात लावत नाही."

बारकीला ते नको होते. त्यांना अजून त्याच्या सिगारेटचा वास होता. पण अंगावर घालायला दुसरं काही नव्हतं, आणि पोरीलाही त्यातून काही बेतता आलं असतं. तिने मान खाली घालून ते पिशवीत कोंबले.

सोमवारी मुकादमिणीने कॉलर बघितली, बूट बघितले, कमरेला लावलेल्या सेफ्टीपिनेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "उद्या पट्टा लावून या. ती गाडी घ्या." पहिल्याच फेरीत बारकीचे हात इतके थरथरले की गाडीवरची ताटं वाजायला लागली. एका म्हाताऱ्या रुग्णाने विचारलं, "भूकंप आहे का हो?" ती हसली नाही, पण ताट सांडलंही नाही.

पुढे नवऱ्याला तिच्या नोकरीचा पत्ता लागला. काही दिवस तो इस्पितळाच्या फाटकाशी उभा राहून ओरडायचा, आणि ती स्वयंपाकघराचा कोळसा आत घ्यायच्या दाराने मागच्या मागे निघायची. ती थंडी फार वाईट गेली. लेक तापाने फणफणली, मावशी अंथरुणाला खिळली, पगार हातात पडायच्या आधीच संपलेला असायचा. पण काम सुटलं नाही. वर्षभराने मायलेकींनी लाँड्रीजवळच एक खोली घेतली, खिडकीला पुठ्ठा लावलेली, आणि मावशीलाही तिथेच आणलं.

एका संध्याकाळी बाहेर जिन्यावर पावलं वाजली आणि वर निघून गेली. लेकीने विचारलं, "आई, बाबा इथे येतील का गं?"

"येतीलही."

"मग?"

"मग दार उघडायचं नाही," बारकी म्हणाली. "चल, हात धू. ताट वाढलंय."