कानपिळी पुन्हा होणेबाबत

तक्रारदार : एक आई. साक्षीदार : मी स्वतः. सामनेवाले : नवरदेवाकडील वडीलधारी मंडळी, आणि त्यांच्या मागे उभे राहून माना डोलावणारे दोन गावांचे लोक. घटनेचे ठिकाण : धुळे तालुक्यातील एका गावी शाळेच्या पटांगणात घातलेला मांडव. घटनेची वेळ : अक्षता पडल्यानंतर, पंगत बसण्याआधी. साल : ज्या उन्हाळ्यात दूरच्या एका राज्यातील अणुवीज केंद्रात अपघात झाला, ते. नावे मी मुद्दाम लिहीत नाही. नावावाचून अर्ज पुढे सरकत नाही, हे मला इतर कोणाहून अधिक ठाऊक आहे. परंतु येथे नावे लिहिली तर ज्यांची आहेत ते फक्त आपले नाव शोधतील आणि बाकीचे वाचणार नाहीत.

धुळ्यात कचेरीच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. मी अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत, दहावीत मला शिकवण्याजोगे काही उरले आहे असे त्या वेळी वाटले नाही, आणि पुढे कचेरीतले पदवीधर पाहून ते मत बदलावे असा प्रसंग आला नाही. लोक मला नाना म्हणतात. काही जण वकीलसाहेब म्हणतात. त्यांना मी दुरुस्त करीत नाही.

अपघात झाला तो मुलूख इतका दूर, की तिकडे भाकरी म्हणजे काय ते कोणाला ठाऊक नसेल. तरी भीती आमच्याकडे एका दिवसात येऊन पोहोचली. टपाल येत नाही इतक्या लवकर. मोबाइलवर कोणीतरी कळवले की आयोडीनने किरण उतरतात. दुपारच्या आत किराणा दुकानांतले मीठ संपले. ज्यांना मीठ मिळाले नाही त्यांनी जखमेवर लावायचे आयोडीनचे औषध आणून लेकरांच्या गळ्यांना चोपडले, आणि त्या आठवड्याच्या बाजारात निम्मी लेकरे गळ्यापाशी पिवळी होऊन हिंडत होती. खळ्यावर धान्य उपणताना वारा कोणत्या अंगाने येतो हे ज्यांना डोळे मिटून कळते, त्यांनी वारा उलट्या दिशेचा असताना खिडक्या बंद केल्या. ज्यांच्या घरांना खिडक्याच नव्हत्या त्यांनी दारे बंद केली, आणि उकाड्याने घामाघूम झाल्यावर किरण अंगातून बाहेर पडत आहेत असे एकमेकांना सांगितले.

अशा शहाण्यांच्या गावात त्या बाईचा मुलगा परत आला.

तो त्या केंद्रावर ठेकेदाराच्या हाताखाली परांच्या बांधण्याचे काम करी. लोखंडी नळ्या चढवायच्या, आवळायच्या, उतरवायच्या. अपघातानंतर ठेकेदाराने सगळ्यांना घरी पाठवले. मुलगा खांद्यावर पिशवी घेऊन बसथांब्यावर उतरला, तेव्हा पारावर बसलेल्यांनी पाय वर घेतले. साप निघाल्यावर घेतात तसे.

दुसऱ्या दिवशी हापशावर बायांनी त्याला दांड्याला हात लावू दिला नाही. कोणीतरी त्याची कळशी लांबून भरून दिली, ती जमिनीवर ठेवली आणि मागे सरली. न्हाव्याने वस्तऱ्याला धार नाही असे सांगितले. पारावरचे विनोदी लोक तर विनोदी होतेच.

"लाईट गयी तरी चिंता नही भो," एक जण म्हणाला, "याले ओटावर बठाडी द्या, बठ्ठा गावले उजेड पडी."

मुलगा हसला असे सांगतात. त्यानंतर तो शेतातल्या झोपडीत राहायला गेला.

आई माझ्याकडे आली ती तेव्हा. बाई विधवा. मुलीचे लग्न ठरलेले, नशिराबादच्या बाजूच्या एका घरात. टेबलासमोरच्या बाकावर बसायच्या आधीच तिने बोलायला सुरुवात केली.

"भाऊ, मना पोऱ्या काय रोग लिसन उना का? त्यास्नी त्याले मशीनमा उभा करा, हिरवा दिवा लागना, म्हने जाय घर."

"मग तसे लिहून दिले का त्यांनी?"

"नही ना. दिवा कोठे लिखी देतस?"

मी पुढे विचारले, अडचण कोणती. तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. व्याह्यांचा निरोप होता. लग्न मोडत नाही, पण मांडवात नवरीच्या भावाने नवरदेवाच्या अंगाला हात लावायचा नाही. हात लावण्याचा प्रसंग एकच. कानपिळी. भाऊ पुढे येतो, नवरदेवाचा कान धरतो, बहिणीला नीट नांदवण्याची कबुली घेतल्याशिवाय सोडत नाही. नवरदेवाकडून कापड घेतो, आणि सगळा मांडव हसतो. व्याह्यांचे म्हणणे, त्या जागी चुलतभाऊ उभा करा, नाहीतर मुलगा स्वच्छ असल्याचा शिक्क्याचा कागद आणा.

"चुलतभाऊ!" बाई म्हणाली. "ज्यास्नी मना दारसमोरथीन जावानं बंद करं, तो मना पोरना भाऊ व्हई का? बाप नही तिले. मांडवमा भाऊ शे, एवढं तरी दखाडू द्या."

मी अर्ज लिहिला. विषय : नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळण्यास हरकत नसल्याचा दाखला मिळणेबाबत. इतका नेमका विषय त्या आवारात आजवर कोणी लिहिलेला नाही. तो घेऊन मी स्वतः हिंडलो; एरवी मी टेबल सोडत नाही. पहिल्या कचेरीतल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला, दुसऱ्या कारकुनाला हाक मारून तिसऱ्यांदा वाचून दाखवला आणि म्हणाला, "नाना, तापाचा दाखला मिळतो, अपंगत्वाचा मिळतो. हा नाही मिळत." दुसऱ्या कचेरीत मला विचारण्यात आले, "त्याच्या अंगातून धूर निघतो का? नाही ना? मग आमच्याकडे येत नाही." एका कॉलेजात विज्ञान शिकवणारे गृहस्थ मात्र जाणकारासारखे बोलले. यंत्राने सोडले म्हणजे त्याच्या अंगावर काही नसावे, म्हणाले. मी कागद पुढे केला. त्यांनी पेनाला टोपण लावले.

"तोंडी सांगितलं ना तुम्हाला," ते म्हणाले. "सही कशाला?"

एवढे शिकून सहीला भिणारा मनुष्य पाहिला की नववीतून बाहेर पडल्याचे समाधान होते.

शेवटी बाईला घेऊन मी एस.टी.ने व्याह्यांकडे गेलो. घर खाऊनपिऊन सुखी होते. चहा आला. ओट्यावर नवी मोटारसायकल उभी होती, हँडलला झेंडूची वाळलेली माळ. ती मुलीकडून हौसेने दिलेली. हौस अर्थात घेणाऱ्यांची.

"ही गाडी कोणाच्या कमाईतून आली?" मी व्याह्यांना विचारले.

"पोरीच्या भावाच्या."

"तो ती कमाई कोठे करीत होता?"

व्याह्यांनी बशीतला चहा संपवला. "नाना, गाडी शोरूममधून आली ना. ती काय तिकडून चालत आली?"

"आणि पैसे?"

"पैशाला काही लागत नाही," ते म्हणाले. "पैसा फिरतो."

किरण कशाला चिकटतात आणि कशाला चिकटत नाहीत याबद्दल इतकी स्वच्छ माहिती मला कॉलेजातही मिळाली नव्हती.

इतक्यात नवरदेवाचा काका मागल्या दारातून आला. तो मिरचीवर मारायचे औषध पिंपात कालवत होता. काठी सापडली नाही म्हणून हाताने. उजवा हात कोपरापर्यंत ओला, नखे पिवळी पडलेली. तोच हात धोतराला पुसून त्याने माझ्यासमोरच्या ताटलीतली शेव उचलली आणि तोंडात टाकली. त्या औषधाच्या डब्यावर कवटीचे चित्र असते. ते अक्षरशत्रूलाही वाचता यावे म्हणून छापलेले असते.

"एवढा घोळ कशाले?" काका म्हणाला. "माझ्याकडे रबरी हातमोजे आहेत. कपाशीच्या औषधावर फुकट मिळाले होते. कोरे आहेत, पाकीटसुद्धा फोडलं नाही. ते घालून पिळू द्या की कान!"

आणि तो माळ्यावर चढून ते पाकीट घेऊन आला. त्यावर धूळ होती. चार हंगाम फवारणी करून ज्याने ते फोडले नव्हते, त्याने ते माझ्यासमोर असे ठेवले, जणू दागिना. व्याह्यांचा चेहरा मोकळा झाला. सगळ्यांचाच झाला. मी विरोध केला. तो तोंडी असल्याने कोणी नोंदवला नाही.

बाईने पाकीट हातात घेतले. "मंग हातमोजा घाली पिळी," ती म्हणाली. "पन तोच पिळी."

लग्न झाले. मी आमंत्रित होतो आणि पुढच्या खुर्चीवर होतो, त्यामुळे पुढील मजकूर डोळ्यांनी पाहिलेला आहे. गुरुजींनी नवरीच्या भावाला हाक दिली. मुलगा पाण्याच्या टाकीपाशी एकटा उभा होता, नव्या शर्टात. काकाने पाकीट फोडून हातमोजे त्याच्यापुढे धरले. हिरवे, लांब, त्याच्या हाताला मोठे. त्याने ते घातले. त्या हातांनी नळ्या आवळून आवळून घट्टे पडलेले होते, ते झाकले गेले.

एरवी या वेळी बाया ओरडतात, पिळ रे, जोरात पिळ, सोडू नको. त्या दिवशी कोणी ओरडले नाही. पुढच्या रांगेतल्यांनी खुर्च्या थोड्या मागे घेतल्या. फोटोवाला म्हणाला, "भाऊ, हात जरा खाली, फोटोत येतो आहे." कान धरायचा आणि हात फोटोत येऊ द्यायचा नाही, हे कसे करावे ते त्याने सांगितले नाही. मुलाने कान धरला, म्हणजे रबराची टोके कानाला टेकवली, आणि लगेच हात काढला. कबुली मागायचे त्याला सुचले नाही, किंवा त्याने मागितली नाही. नवरदेवाने खिशातून रुमाल काढून कान पुसला. नवरी सगळा वेळ त्या हिरव्या हातांकडे पाहत होती.

मग काकाने हातमोजे दोन बोटांच्या चिमटीत धरून काढून घेतले, पाकिटात घातले आणि "फवारणीला होतील" म्हणून खिशात ठेवले. पंगतीत वरण-बट्टी वाढायला तोच पुढे होता. उघड्या हाताने.

मुलगा जेवला नाही.

पावसाळा लागेपर्यंत टीव्हीवर दुसरे काही सुरू झाले आणि भीती जशी आली तशी गेली. साठवलेल्या मिठाला डब्यांत पाणी सुटले. हापशाचा दांडा मुलगा आता स्वतः हाणतो. न्हाव्याच्या वस्तऱ्याला धार आली आहे. आम्ही असे वागलो, हे गावात कोणालाही आठवत नाही. विचारले तर म्हणतात, काळजी तर घ्यायलाच हवी होती ना नाना. श्रावणात मी जळगावला जाताना बसच्या खिडकीतून तो काका दिसला. पाठीवर पंप, तोंडाला काही नाही, हात उघडे.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी ती आई पुन्हा माझ्या टेबलापाशी आली. "भाऊ, आखो एक अर्ज लिखाना शे."

मुलीचा फोन आला होता. सासरी लग्नाचा फोटो भिंतीवर लावला आहे, आणि हात खाली घ्यायला सांगूनही हिरवे हातमोजे त्यात आले आहेत. आलेल्या पाहुण्याला तो दाखवतात.

"बठ्ठा हासतस," बाई म्हणाली. "म्हनतस, दखा, हिना भाऊ फवारनी कराले उना व्हता. पोर घरमा काही बोलनी तं लगेच म्हनतस, तुना भाऊनी आमनाकडथीन कबुली कोठे लिधी?"

मी तिला समजावले, की अक्का, लग्न एकदाच लागते, त्यातला एक विधी काढून पुन्हा करता येत नाही, अशी तरतूद नाही.

"लगीन व्हयनं ना," ती म्हणाली. "कान कोठे व्हयना?"

या मुद्द्यावर मी विचार केला आणि तिचे म्हणणे कायदेशीर आहे असे माझे मत झाले. सबब पुढील अर्ज नवरदेवाच्या वडिलांच्या नावे लिहून टपालाने रवाना केला आहे. त्याची नक्कल येथे देतो, कारण त्यांनी तो मिळालाच नाही असे म्हणू नये.

महोदय, आपल्या चिरंजीवांची कानपिळी झाली असे आपण मानता. ती झाली नाही. रबराने कान धरला होता, भावाने नव्हे, आणि कबुली घेतलेली नाही. ज्या हाताची मोटारसायकल आपल्या ओट्यावर उभी आहे त्या हाताची आपणांस बाधा होत नाही, हे आता आपणही जाणता. तरी विनंती की आखाजीला सून माहेरी येईल तेव्हा चिरंजीवांनी सोबत यावे, ओट्यावर चार माणसांत बसावे, आणि नवरीच्या भावास उघड्या हाताने कान पिळू द्यावा. कबुली मोठ्याने द्यावी, तिला ऐकू जाईल इतकी. भिंतीवरील फोटो उतरवावा. काकांनाही आणावे. त्यांनी येताना हातमोजे आणू नयेत. ते फवारणीच्या वेळी वापरावेत, ही वेगळी विनंती समजावी.

उत्तर आखाजीच्या आत आणि लेखी मिळावे. 'बघू' हे उत्तर धरले जाणार नाही.