गोजरआत्या पाखरू बघायला गेली

आमच्या देवळाली प्रवरेतून पाखरू बघायला कुणी समुद्र ओलांडून गेलं असेल तर ती एकटी गोजरआत्या. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण पाखरांची जन्माची वैरीण. बाजरीत दाणा भरला की ती शेतातल्या माळ्यावर चढायची आणि अशी आरोळी ठोकायची की पाखरं तर उडायचीच, शेजारच्या बांधावर डुलकी काढणारा गडीही दचकून उठायचा. "पाखरू म्हंजी चोंच फुटलेला चोर," एवढंच तिचं पक्षिशास्त्र.

आणि नशिबाची खोडी बघा, तिला जावई मिळाला तो पाखरांचा वेडा. गोरक्षनाथ सरकारी कारकून, त्याची बदली झाली थेट अंदमानात. एकाहत्तरच्या सुरुवातीला लेकीचं, विजयमालेचं, पहिलं बाळंतपण आलं. पोटुशीला बोटीतून आणायला नको, म्हणून माहेरच बोटीत बसलं. तिकडे कामावर परतणाऱ्या एका ओळखीच्या गवंड्याच्या सोबतीने आत्या मद्रासला गेली आणि तिथून ओकत ओकत पोर्ट ब्लेअरला पोचली. बाजरीच्या पिठाचं गाठोडं तेवढं तिने सोडलं नाही.

आमच्याकडे सासूने जावयासमोर तोंड वर करायचं नाही. आत्या पदर नाकापर्यंत ओढून घ्यायची आणि जावयाला काही सांगायचं झालं तर दाराच्या चौकटीला सांगायची. जावईही बिचारा चौकटीलाच उत्तर द्यायचा.

बाळंतपण सुखरूप झालं, बारसं झालं आणि गोरक्षनाथाची कलकत्त्याला बदली आली. त्या बेटांशिवाय जगात कुठेच नाहीत अशी पाखरं त्याने रविवारी रविवारी रान तुडवून पाहिली होती. राहिली होती एकच, तांबूस रंगाची, झाडीतल्या झाडीत पळणारी, भलती लाजरी पाणकोंबडी. बोट सुटण्याआधी ती दिसली नाही तर या जन्मात दिसणार नव्हती. पठ्ठ्याचं जेवणावरून लक्ष उडालं.

"आई, ह्यांना रानात भुकेची शुद्ध राहत नाही. तू भाकरी घेऊन संगं जा," विजयमाला म्हणाली. आत्या निघाली. जावयाने वाटेतल्या एका झाडाला बजावलं, "इथून पुढे अगदी गप्प राहायचं."

आत्या गप्प राहिली, हे मी शपथेवर सांगतो. रान संपतं तिथे ओढ्याकाठी एका बंगाली बाईची झोपडी होती, अंगणात चटईवर भात वाळत घातलेलं. दोघं झुडपाआड बसली. बऱ्याच वेळाने पाचोळा हलला आणि ती तांबूस पाणकोंबडी बाहेर आली. किडे टिपत टिपत चटईकडे सरकली. गोरक्षनाथाने दुर्बीण उचलली. ती डोळ्याला लागायच्या आत आत्याला दिसलं एवढंच, की उघड्यावर धान्य आहे आणि शेजारी पाखरू आहे.

"हाऽऽऽ हुर्रर्र!"

पाठोपाठ ढेकूळही गेलं. साप निघाला असं वाटून जावयाने गर्रकन सासूकडे बघितलं. परत वळला तोवर अंगणात नुसती चटई होती.

जावई रुसला. एरवी रुसलेल्या जावयाला अंगठी देऊन, घड्याळ देऊन मनवता येतं. याला हवी होती पाणकोंबडी आणि ती काही श्रीरामपूरच्या बाजारात मिळत नव्हती. तो जेवला नाही. लेक आईशी बोलेना. कुणाचं तरी परक्याचं भात, त्यापायी घरचा जावई दुखावला, म्हणून आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी ती चौकटीला म्हणाली, "उंद्या परत जाऊ म्हनावं. म्या त्वांड उघडलं तर दाभन घिऊन शिवा म्हनावं."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तेच झुडूप, तीच चटई. आत्याने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला होता. पाणकोंबडी आली आणि आज सरळ चटईवरच चढली. आत्याच्या हाताच्या मुठी वळल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण बोळा जागचा हलला नाही.

तेवढ्यात झोपडीचं दार उघडलं. बंगाली बाईने चटईवर पाखरू बघितलं आणि हाकलायला आ वासला. आता शेतकऱ्याची बायको इकडची काय आणि तिकडची काय! ती काय करणार हे जगात फक्त आत्यालाच कळलं होतं. साठीला टेकलेली ही बाई झुडपामागून वळसा घालून धावली आणि तिने त्या बाईच्या तोंडावर पंजा दाबला. ती कडकडून चावली. आत्या हूं की चूं करेना. पहाटेच्या उजेडात दोन बायका मुकाट्याने झोंबत होत्या आणि पलीकडे गोरक्षनाथ दुर्बीण लावून मनसोक्त बघत होता.

पाणकोंबडी गेली तेव्हा आत्याने हात काढला. मग भाषा कळत नसल्यामुळे दोघींनी एकमेकींना भरपूर शिव्या दिल्या. नंतर आत्या तिच्याच अंगणात बसून सांडलेलं भात वेचू लागली, तेव्हा त्या बाईने चहा दिला.

मी आत्याला एकदा विचारलं, "एवढा चावा खाल्लास, पण पाखरू चटईवर करत काय होतं?"

"मला काय ठावं? मी कुटं पायलं!" आत्या म्हणाली. "मी जावयाचं त्वांड बघत हुते. झोंबाझोंबीत डोईचा पदर पडला न् पयल्यांदाच सरळ नजर गेली. आसं हासत हुतं लेकरू. आरं, लगीन हून तीन वरसं झाली, पन माजा जावई दिसायला लई देखना हाय, हे मला तवा कळलं."