एका पेटीतले दोघे

बंगळुरात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी व्यवस्थापक होतो. तिथल्या ड्रॉइंगच्या खोलीत एक संगणक होता आणि त्यात दोन ऑपरेटिंग सिस्टिम होत्या. पत्रा कापायच्या यंत्राचा प्रोग्राम फक्त जुन्या सिस्टिमवर चालायचा आणि ड्रॉइंगला नवी लागायची. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं येत, त्यातलं एक निवडायचं. न निवडलं तर थोडं थांबून संगणक आपणच वरचं नाव घ्यायचा.

ड्रॉइंग करणारा आमचा माणूस निपाणीकडचा. त्याने मूळ नावं काढून तिथे इंग्रजी अक्षरांत जुनीला ‘थोरला’ आणि नवीला ‘धाकटा’ असं टाकलं होतं. दसऱ्यात आयुधपूजेला सगळ्या यंत्रांना कुंकू लागायचं, तेव्हा त्या एका पेटीला तो दोन टिळे लावायचा.

“आत दोघं राहत्यात साहेब. एकाला लावून दुसऱ्याला कसं सोडायचं?”

नवी सिस्टिम मी अपग्रेडच्या परवान्यावर घेतली होती. तो परवाना स्वस्त पडतो, कारण जुना परवाना त्यातच जमा होतो. नवी बसवली की जुनी वापरायची नाही. दोन्ही ठेवायच्या तर परवानेही दोन घ्यावे लागतात. या अटी मी वाचल्या होत्या, त्याने वाचल्या नव्हत्या. नवी बसवताना त्याने मला विचारलं होतं, “थोरल्याला ठेवलं तर चालतंय न्हवं?” मी मान हलवून म्हणालो, “सरी, राहू दे.”

पुढे सॉफ्टवेअर कंपनीकडून तपासणी आली. मालकाने मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, जुनी काढून टाक असं मी त्याला बजावलं होतं. पण त्या दिवशी मध्येच वीज गेली, आणि घाईत त्याच्याकडून राहून गेलं. वीज गेल्याचं मी तिथे खुर्चीत बसूनच रचलं. त्या आठवड्यात त्याला काढलं. परवान्याची चोरी करणारा म्हणून पीण्यात त्याचं नाव झालं, आणि मग त्याला कोणी कामावर घेतलं नाही.

जुनी सिस्टिम आम्ही पुसून टाकली. पडद्यावर मात्र ‘थोरला’ तसाच राहिला, धाकट्याच्या वर. कोणी संगणक सुरू करून चहाला गेलं की तो आपणच थोरल्याकडे जायचा. परत येऊन बघावं तर सगळा पडदा काळा, आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत असलेली. पंखा फिरत असायचा. आत काही नाही हे मला ठाऊक होतं, तरी भर दुपारी त्या खोलीत कोणाचं तरी बोलणं अर्ध्यावर तुटल्यासारखं वाटायचं. ती ओळ यादीतून काढणं दोन मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही. कीबोर्डवर हात ठेवला की रेघ लुकलुकायची थांबेल, असं उगाच वाटायचं.

आता मी मुलाकडे एचएसआर लेआउटला असतो. ड्रॉइंग करणारा तो माणूस इथल्याच शिवाजीनगरात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो असं कळलं, आणि मागच्या थंडीत एका सकाळी मी तिकडे गेलो. खरं काय ते त्याच्या तोंडावर सांगायचं, एवढंच ठरवलं होतं. त्याची बायको दुकानाच्या दारात अवरेकाईच्या शेंगा सोलत बसली होती. मला पाहताच तो उठला आणि स्टूल पुसून दिलं.

“बसा की साहेब. स्वल्प वाळलाय की हो तुम्ही. सूनबाई जेवायला घालत न्हाई का काय?”

मी लगेच बोलून टाकलं. जुनी ठेवायला मीच सांगितलं होतं, मालकापाशी मी खोटं बोललो, तुझी काही चूक नव्हती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो हसला.

“असं कसं साहेब? तुम्ही काढायलाच सांगिटलं होतं. माझ्याकडनंच ऱ्हायलं.”

“नाही रे. राहू दे म्हणालो होतो मी.”

“अहो, वीज गेली न्हवं त्या दिवशी? तुमच्या हातात चहाचा ग्लास होता. अंधारात तुम्ही म्हणालात, वीज आली की आधी थोरल्याला काढ. वीज आली, मी ड्रॉइंगला लागलो. घाईत ऱ्हाऊन गेलं.”

वीज मी रचली होती. ती मालकाने त्याला ऐकवली असेल. पण चहाचा ग्लास मी कोणालाच सांगितला नव्हता. खरं तर मला तो आता दिसायला लागला होता: जाड काचेचा, कडेला टवका गेलेला, आणि खोलीत अंधार.

“वीज गेलीच नव्हती,” मी म्हणालो. माझाच आवाज मला खात्रीचा वाटला नाही.

“साहेब मोठ्या मनाचे आहेत,” तो बायकोकडे वळून म्हणाला. “अजून माझं स्वतःवर घेतायत.”

त्याची बायको सोलायची थांबली होती. शेंगांचं सूप तिने बाजूला सारलं.

“अण्णा,” ती मला म्हणाली, “ह्यांचं राहू दे. एवढी वर्षं मी ह्यांना बोल लावलाय. तुम्ही मला सांगा. पहिल्यापासनं.”

मी तिच्याकडे तोंड करून बसलो आणि परवान्यापासून सुरुवात केली. तो शेजारी उभा होता. मी चुकलो की मध्येच थांबवून, अगदी आदराने, तो मला दुरुस्त करत होता.