आईला पटलेले प्रोटेस्टंट

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात मी इतिहासात पीएचडी करते. विषय, सुरुवातीच्या प्रोटेस्टंटांच्या भुताखेतांविषयीच्या समजुती. नातेवाइकांना हे सांगायची सोय नाही. भुतं शिकायला कोणी अमेरिकेत जातं का, हा प्रश्न ठरलेला. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. तिने तो विचारला नाही. तिने काहीच विचारलं नाही. जेवायला बसली की दोन घास खाऊन ताट सरकवायची.

कारण मला माहीत होतं. बाबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. सगळ्यांनी हात जोडून सांगून पाहिलं, मुलीचं शिक्षण पुरं करू, घर सांभाळू. कावळे झाडावर ढिम्म. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी घरी गेली. आईच्या मनात मात्र बाबा तिथेच घाटावर अडकून राहिले. मला या प्रकाराचा राग यायचा आणि भीतीही वाटायची, कारण आई वाळत चालली होती.

एका दुपारी भाजी निवडताना तिने विचारलं, "तुझे ते पाद्री भुतं मानायचे का गं?"

"सैतान मानायचे, चेटकिणी मानायचे. पण मेलेल्या माणसाचं भूत? अजिबात नाही. स्वर्ग-नरकाच्या मधे लटकायची जागाच त्यांनी कॅन्सल केली होती. माणूस गेला की थेट देवाच्या हवाली. नंतर कोणी दिसलंच, तर तो सैतानाचा बनाव."

"आणि इच्छा राहिली असली तर?"

"तरी नाही. गेलेल्याला मागच्यांकडून काही लागत नाही, असं ठणकावून सांगायचे."

याच लोकांनी बायकांना चेटकिणी ठरवून फासावर दिलं, हेही मी सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही.

"मेले!" आई म्हणाली. "पण एवढं एक बरोबर बोलले."

मग हातातली भाजी खाली ठेवून म्हणाली, "ह्यांनी हॉस्पिटलमध्ये शिरा मागितला होता. शुगर वाढेल म्हणून मी दिला नाही. घाटावर सगळे बोलत होते, पण मला लाज वाटली. शिऱ्याचं बोललेच नाही मी."

एवढंसं, आणि ते ती एकटी घेऊन बसली होती! मी तिला जवळ घेतलं. ती खूप रडली, मीही रडले, आणि माझा जीव भांड्यात पडला. मग ती तोंड धुऊन आली आणि म्हणाली, भूक लागलीय. बाबा गेल्यापासून तिच्या तोंडून हे मी ऐकलंच नव्हतं.