माझी म्हातारी चिलटं

लोक विचारतात, मॅडम, तुमचं संशोधन कशावर? मी सांगते, म्हातारपणावर. मग ते जरा सावरून बसतात. कशात करता म्हटलं की मी सांगते, चिलटांत. मग हसतात. हसा म्हणावं. अमरावतीच्या कॉलेजात इतकी वर्षं ते हसणं ऐकून माझे कान किटले. सासूबाई तर पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून घरात डासाले मारते अन् कॉलेजात माशाईले चारते."

पिकल्या केळ्यावर घिरट्या घालतात तीच ही. बाटलीत मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्टची घट्ट लापशी घातली की सुखानं नांदतात, दीड-दोन महिन्यांत म्हातारी होऊन मरतात. माझं काम सांगायला सोपं होतं. तरण्या चिलटांची अंडी फेकून द्यायची. जी म्हातारपणापर्यंत टिकली, त्यांचीच अंडी वाढवायची. मग त्यांच्या पोरांतल्या म्हाताऱ्यांची. असं बारा वर्षं केलं. दिवाळी नाही, सुट्टी नाही. मे महिन्यात वीज गेली की मी बाटल्या घरी इन्व्हर्टरवरच्या कूलरपुढे मांडायची आणि नवरा घाम पुसत बाजूला बसायचा. शेवटी साधी चिलटं मरून गेली तरी माझी बाटलीत हिंडत असायची. त्यांच्या जनुकांत नेमकं काय बदललं, एवढं वाचायचं उरलं होतं. त्यासाठी नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायच्या मंजुरीचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर दोन वर्षं लोळला, आणि एकदाचा सही होऊन आला.

त्याच आठवड्यात कॉलेजला श्रेणी देणारी समिती येणार म्हणून धावपळ सुरू झाली. चुना, रांगोळ्या, भाड्याच्या कुंड्या. मी प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला दोन दिवस वरूडला गेले होते. परत आले तर प्रयोगशाळेत औषधाचा भपकारा, आणि माझ्या बाटल्या खिडकीत उन्हाला पालथ्या घातलेल्या. लखलखीत.

आमचे अटेंडंट निवृत्तीला टेकलेले, सरळ माणूस. मला पाहून म्हणाले, "मॅडम, प्रिन्सिपल सायबाईनंच सांगतलं. समिती येऊन राहिली, लॅबमंधी माशा दिसल्या तं कसं दिसन? फवारावाले आले, मंग म्या बाटल्या घासून काढल्या."

"अहो, मेलेल्या तरी ठेवायच्या!" मी ओरडले. मेलेल्यांतूनही जनुकं वाचता येतात. ते म्हणाले, "मेलेल्या माशा कोन ठेवते, मॅडम?"

प्राचार्यांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "नवीन आणा ना. वरूडला संत्र्याच्या ढिगावर पाहिजे तेवढ्या मिळतील." मी तिथेच रडले. याची मला अजून लाज वाटते, आणि त्या माणसासमोर रडले याचा संताप येतो.

एक आशा होती. आमच्या धंद्यात कोणी सगळी अंडी एका टोपलीत ठेवत नाही. तीन वर्षांपूर्वी मी याच चिलटांच्या काही बाटल्या अकोल्याच्या मैत्रिणीकडे दिल्या होत्या. तीही तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्रच शिकवते. दुसऱ्या दिवशी पहिली एस.टी. पकडली. मूर्तिजापूरला सगळे चहाला उतरले, मी जागची हलले नाही. मैत्रिणीनं कपाट उघडलं. बाटल्या होत्या, चिलटं उडत होती, माझ्या अक्षरातलं लेबलसुद्धा होतं. मी तिला मिठीच मारली.

मग तिची वही पाहिली. दर चौदा दिवसांनी नवी बाटली, तीन वर्षं, एकही खाडा नाही. म्हणजे दर वेळी तरण्यांचीच अंडी पुढे गेली होती. म्हातारं व्हायला कोणाला वेळच मिळाला नव्हता.

"म्हाताऱ्यांचीच अंडी घे, असं तुला कागदावर लिहून दिलं होतं गं."

"अवं, सगळ्या माशांचं असंच करतो आमी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "जित्या तं ठेवल्या ना मी?"

तिनं जीव लावून ठेवल्या होत्या. तरी मी तिला बोलू नये ते बोलले. आजही आमचं फक्त सणावाराचं बोलणं आहे.

ती चिलटं घेऊन आले, केळ्यावर नव्यानं धरलेल्या साध्यांच्या शेजारी ठेवली आणि रोज मेलेली मोजली. दोन्ही बाटल्या बरोबरीनं रिकाम्या झाल्या; जास्त जगायचा गुण तीन वर्षांत पुसून गेला होता. तेवढ्या काळात समितीची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली होती.

समिती आली तेव्हा प्राचार्यांनी मला पुढे केलं. "आमच्या मॅडमचं दीर्घायुष्यावर मोठं काम आहे." मागे भिंतीवर माझंच पोस्टर, नव्या चौकटीत. मी सरळ सांगितलं, "होतं. समिती येणार म्हणून फवारणी केली, त्यात सगळं मेलं." प्राचार्य खोकले. समितीतले एक वयस्कर गृहस्थ खरंच हळहळले. म्हणाले, "अरेरे. पण ज्ञान तर तुमच्याकडे आहे. पुन्हा सुरू करा. किती वर्षं लागतील?"

"बारा."

"आणि तुमच्या निवृत्तीला?"

"चार."

त्यांनी वहीत काही लिहायला पेन उचललं होतं. ते त्यांनी खिशाला लावलं आणि ग्रंथालय कुठल्या मजल्यावर आहे ते विचारलं.