घरचोळ्याचा डाग

आजार बरा झाला की माणूस पहिल्यासारखा होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्याकडे येऊन बसावं. मी चहा करीन, गप्पा मारीन आणि मध्येच कप खाली ठेवून बाथरूमकडे पळेन. उपचारानंतर लघवीनं माझं ऐकणं सोडलंय. डावा पाय संध्याकाळपर्यंत सुजून खांब होतो, म्हणून घट्ट मोजा घालायचा, तोही सुरतच्या उन्हाळ्यात. अंगातून एकाएकी वाफ निघते आणि मी घामानं निथळते. हे सांगितलं की लोक म्हणतात, "पण जीव वाचला ना?" वाचला, बाबांनो, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण वाचलेल्या जिवालाही बसायला मऊ जागा लागते.

पाळी जायच्या वयात माझी पाळी जायच्या ऐवजी वाढत गेली. वयाचं आहे, वयाचं आहे, म्हणत मी अंगावर काढलं. शेवटी तपासणीत गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. पिशवी काढली, मग रेडिएशनचे शेक दिले. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लाल देखाय तो तरत आवजो, बेन." लाल दिसलं की लगेच यायचं. त्यांना म्हणायला काय जातं! आम्ही राहतो सुरतच्या गोडादरा भागात. इथे घरोघर साड्यांचं काम. कोणी लेस लावतं, मी खडे चिकटवते. लग्नसराई आली की दारात लाल साड्यांच्या पोटल्यांवर पोटल्या येऊन पडतात. लाल दिसू नये म्हणून मी डोळे बांधून बसायचं का?

तरी सुरुवातीला मी लाल काम घेतच नव्हते. हिरवं द्या, पिवळं द्या, म्हणायचे. भाजीत टोमॅटोचं साल दिसलं तरी ताट बाजूला सारायचे. कुणाला सांगणार हे?

आमच्या ह्यांना तर नाहीच. हे डाईंग मिलमध्ये, रंगखात्यात. खानदेशातून आम्ही दोघं इथे आलो तेव्हापासून तिथेच. माणूस चांगला, पण बायकांच्या दुखण्याचं नाव काढलं की भिंतीकडे बघणार. मी दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी ह्यांनी आपली चटई उचलून बाहेरच्या खोलीत नेली. "तुले आराम पडी," एवढंच म्हणाले. तुला आराम पडेल. मला आराम पडला नाही. बाईची पिशवी गेली, आता जवळ कशाला झोपायचं, असा अर्थ मी लावला आणि तो मनात धरून बसले.

सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी हे गॅलरीत उभं राहून दात घासायचे. ते घासणं काही केल्या संपायचं नाही. समोरच्या दोरीवर माझे आदल्या संध्याकाळी धुतलेले कपडे असायचे. पाऊस आला तर आपला शर्ट तेवढा काढून आत आणणारा हा माणूस, माझ्या परकराला मेलं तरी बोट लावायचा नाही. "फेस उडेल कपड्यांवर!" मी आतून ओरडायचे. माझं ओरडणं रोजचं आणि ह्यांचं घासणंही रोजचं.

मग या लग्नसराईत दुसरं कामच येईना. किती दिवस हिरवं-पिवळं करणार? मी घरचोळे घेतले. गुजराती नवरी नेसते ना, तो लालभडक घरचोळा, त्याची स्वस्तातली नक्कल. शेकानंतर मला कडक जागेवर बसवत नाही. खाटेवरची गादी उन्हात टाकलेली. तेव्हा खडे लावून झालेल्या चार-पाच साड्यांची घडी केली, खाली घेतली आणि उकाड्यानं नुसत्या परकर-पोलक्यात वर आरामात बसले. शेठनं पाहिलं असतं तर काम बंद केलं असतं. नवरीचा घरचोळा तिच्या आधी मी बसून पाहिला, हे तिला कधी कळू नये.

दुपारभर बसले. दोनदा अंगातून वाफ निघाली, घाम आला, पंख्यानं वाळला. मग उठून बाथरूममध्ये गेले आणि फिकट परकर मागून पुढे घेतला, तर मधोमध लाल डाग.

खरं सांगते, त्या क्षणी मला साडी आठवली नाही, खडे आठवले नाहीत, काही आठवलं नाही. परत आलं, एवढंच डोक्यात. परत ते टेबल, परत ते शेक. मी नळ सोडला आणि बादलीशेजारी बसून मोठ्यानं रडले. एवढी भीती मला ऑपरेशनच्या वेळीही वाटली नव्हती. तेव्हा काय होणार ते माहीत नव्हतं, आता सगळं माहीत होतं.

त्या दिवशी ह्यांना सुट्टी होती. दारावर थाप आली.

"काय व्हयनं वं? दार उघड."

मी दार उघडलं आणि परकर पुढे केला. आता लाज कसली धरायची. "परत चालू व्हयनं," मी म्हणाले.

वाटलं, आता हे भिंतीकडे बघतील. ह्यांनी परकर हातात घेतला. गॅलरीत, उजेडात नेला. डाग वर धरून तिरपा पाहिला, अंगठा ओला करून घासला, नाकाशी नेला. मिलमध्ये कापडाच्या ठाणाचा रंग तपासतात तसं सगळं शांतपणे चाललेलं. मग आत आले, खाटेवरच्या घडीकडे पाहिलं, ओला रुमाल वरच्या घरचोळ्यावर दाबला. रुमाल लाल झाला.

"हाई रगत नही शे," हे म्हणाले. "कच्चा रंग शे. धुलाई बराबर करेल नही." आणि खाटेवर मटकन बसले. "मना बी जीव गया व्हता."

मी हसले नाही की रडले नाही. माझा विश्वासच बसेना. दुसऱ्या दिवशी हे रजा टाकून मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. सगळं स्वच्छ. घरचोळ्याची हकीकत ऐकून त्या हसल्या, पण आलात ते बरं केलंत म्हणाल्या. बाहेर पडल्यावर आम्ही दोघांनी उसाचा रस प्यायला. असा गोड रस मी जन्मात प्याले नव्हते. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं आणि लघवी लागली होती, ती नेहमीचीच.

संध्याकाळी पाहते तर हे गॅलरीत. तो परकर स्वतः धुतलेला, आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांच्या देखत दोरीवर पसरून त्याला चिमटे लावणं चाललेलं. मला हसू फुटलं.

"तुमले एवढा लवकर कसा समजना रंग?" मी विचारलं. "रंगखात्यातले म्हणून?"

हे चिमट्याशी खेळत राहिले. मग दोरीकडेच बघत म्हणाले, "मी रोज देखस."

"काय देखतस?"

"तुना कपडा. तू दवाखानामाईन ऊनी तैपासून. लाल दिसी का, म्हनीसन."

मी घरी आले तेव्हापासून रोज सकाळी, तोंडात ब्रश धरून. आणि मी आतून फेसावरून ओरडत होते.

मी बाहेरच्या खोलीत गेले, चटई उचलली आणि आत आणून माझ्या खाटेला लागून पसरली. सुजलेल्या पायाला धक्का लावायचा नाही, एवढं मात्र बजावून सांगितलं.